कर्कटक आणि यंत्र : हृदयालेखाच्या मोजणीविषयी काही विचार



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास, शिक्षण अशा विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या. माझे आयुष्य बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांतील रुग्ण तपासण्यात गेले. त्यामुळे माझ्या रोजच्या कामातीलच एक विषय आपल्यापुढे ठेवण्याचे मी ठरविले आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते आम्हांला भूमिती आणि विज्ञान शिकवीत. मोजणे या क्रियेविषयी त्यांना विलक्षण आस्था होती. तेव्हा आजचा विषयही मोजण्याचाच आहे.

मला रुग्णांचे नातेवाईक पुष्कळदा विचारतात, 'डॉक्टर, यंत्राने कागदावर आकडे छापले आहेत, खाली नॉर्मल असेही लिहिले आहे. मग तुम्ही पुन्हा कर्कटक घेऊन काय मोजता?' प्रश्न अगदी रास्त आहे. हाताने मोजलेले खरे मानावे की यंत्राने मोजलेले, हा प्रश्न गेली साठाहून अधिक वर्षे जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांपुढे आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पण ते शोधताना मोजमाप म्हणजे काय याविषयी आपण बरेच काही शिकतो.

प्रथम हृदयालेख, म्हणजे ज्याला आपण कार्डिओग्राम किंवा ईसीजी म्हणतो, तो काय असतो ते पाहू. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्याच्या स्नायूंतून एक सूक्ष्म विद्युत्‌लहर जाते. तिचा मागमूस हातापायांच्या आणि छातीच्या कातडीवर उमटतो. तो यंत्र टिपते आणि चौकटीच्या कागदावर रेषेच्या रूपाने उतरविते. हा कागद सामान्यतः सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. म्हणजे कागदावरील १ मिलिमीटरचे बारीक घर हे ४० मिलिसेकंदांचे आणि ५ मिलिमीटरचे मोठे घर २०० मिलिसेकंदांचे असते. उभ्या दिशेने १० मिलिमीटर म्हणजे १ मिलिव्होल्ट. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आपली शाळेची वही आणि कंपासपेटी हीच या विद्येची मूळ साधने आहेत, असे म्हटले तरी चालेल.

माणसाचा हृदयालेख पहिल्यांदा घेतला तो ऑगस्टस वॉलर यांनी, १८८७ साली लंडनमध्ये. त्यांचे उपकरण पाऱ्याच्या बारीक नळीचे होते. पारा जड, त्यामुळे तो हृदयाच्या लहरीमागे धापा टाकीत धावे आणि उमटलेली रेषा खऱ्या लहरीपेक्षा बोथट असे. हॉलंडमधील लायडेन येथील विलेम आइन्थोव्हेन यांनी या रेषेवर गणिती संस्कार करून खरी लहर कशी असेल ते काढले, आणि १८९५ साली त्या दुरुस्त केलेल्या रेषेतील उंचवट्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली. ती आजतागायत चालू आहेत. लक्षात घ्या, ही नावे उपकरणाने काढलेल्या रेषेला नव्हेत, तर माणसाने हिशेब करून सुधारलेल्या रेषेला मिळाली. उपकरण आणि बुद्धी यांची ही भागीदारी या शास्त्राच्या जन्मापासूनची आहे. पुढे आइन्थोव्हेन यांनी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म तंतू ताणून नवे यंत्र बनविले. त्याचे वजन सुमारे २७० किलो होते, ते चालवायला पाच माणसे लागत, आणि रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. या कामासाठी १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच काम खिशात मावणारे यंत्र करते.

या रेषेवर मोजण्यासारखे पुष्कळ असते. आज मी एकच माप घेणार आहे, कारण हात आणि यंत्र यांचा खरा वाद त्याच मापावर होतो. ते म्हणजे क्यूटी कालावधी. क्यू तरंगाच्या प्रारंभापासून टी तरंगाच्या अखेरीपर्यंतचा हा काळ. हृदयाचे खालचे कप्पे विद्युत्‌दृष्ट्या उत्तेजित होऊन पुन्हा पूर्ववत व्हायला जेवढा वेळ घेतात, तेवढा हा काळ असतो. तो फार लांबला, तर पुढच्या ठोक्याची लहर अर्धवट सावरलेल्या हृदयावर येऊन आदळू शकते. लय बिघडते, माणूस बेशुद्ध होतो आणि क्वचित दगावतोही.

शाळेच्या सभागृहात हा विषय मी मुद्दाम मांडतो आहे. १९५७ साली नॉर्वेमधील जेर्व्हेल आणि लांगे-निल्सेन या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबाचे वर्णन केले. सहा भावंडांपैकी चार जन्मतः बहिरी होती, त्यांना अचानक मूर्च्छा येई, आणि त्यांतील तिघे बालपणीच दगावली. त्यांच्या हृदयालेखात क्यूटी कालावधी फार लांबलेला होता. पुढे कळले की बहिरेपण नसतानाही हा दोष कुटुंबात चालत येतो. काही मुले धावताना किंवा पोहताना कोसळतात, काही घंटेच्या अथवा गजराच्या अचानक आवाजाने. अशा मुलांना कित्येकदा फेफऱ्याचे रोगी समजून वर्षानुवर्षे भलतीच औषधे दिली जातात. निदान मात्र कागदावरच्या एक-दोन बारीक घरांच्या फरकावर अवलंबून असते.

आता हाताने मोजणी कशी होते ते पाहू. कर्कटकाचे एक टोक क्यू तरंगाच्या प्रारंभी ठेवायचे, दुसरे टी तरंगाच्या अखेरीस. मग घरे मोजून चाळीसने गुणायचे. ऐकायला सोपे वाटते. अडचण अशी की टी तरंगाची सुरुवात-अखेर डोंगराच्या कड्यासारखी नसते. तो हळूहळू उतरत मूळ रेषेत मिसळतो, जसा आपल्याकडचा डोंगरउतार शेतात मिसळतो. डोंगर नेमका कोठे संपला आणि शेत कोठे सुरू झाले? एक पंथ म्हणतो, रेषा मूळ पातळीला जेथे परत येऊन मिळते तेथे. दुसरा म्हणतो, उताराच्या सर्वांत तीव्र भागाला स्पर्शिका काढा आणि ती मूळ रेषेला जेथे छेदेल तो बिंदू धरा. दोन्ही पद्धती तर्कशुद्ध आहेत. परंतु उत्तर एक येत नाही. स्पर्शिकेने आलेला आकडा सरासरीने सुमारे १० मिलिसेकंदांनी कमी भरतो, असे ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१८ साली एका मोठ्या रुग्णसमूहात दाखविले.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना पायलीचे माप आठवत असेल. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनमापे आली, तोपर्यंत बाजारात धान्य पायलीने मोजले जाई. माप तेच, पण ते शिगोशीग भरायचे की वरून फळी फिरवून सपाट करायचे, हे घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने आधी ठरवावे लागे. शीग लावणाऱ्याची पायली आणि सपाट करणाऱ्याची पायली यांत कोणी लबाड नव्हता. संकेत निराळे होते. टी तरंगाच्या अखेरीचेही तसेच आहे. तो बिंदू निसर्गाने खूण करून ठेवलेला नाही, तो आपण संकेताने ठरवितो.

यात आणखी एक पायरी आहे. नाडी जलद झाली की क्यूटी आपोआप आखडतो, म्हणून नाडीच्या मानाने तो सुधारून घ्यावा लागतो. १९२० साली बॅझेट यांनी एक सूत्र दिले : क्यूटीला दोन ठोक्यांमधील अंतराच्या, म्हणजे सेकंदांत मोजलेल्या आरआर कालावधीच्या, वर्गमुळाने भागा. त्याच वर्षी डेन्मार्कचे फ्रिडेरिशिया यांनी सांगितले, वर्गमूळ नको, घनमूळ घ्या. विद्यार्थ्यांनी माझ्याबरोबर हिशेब करून पाहावा. एका पुरुषाची नाडी मिनिटाला १०० आहे, म्हणजे दोन ठोक्यांत ०.६ सेकंदाचे अंतर. क्यूटी भरला नऊ बारीक घरे, म्हणजे ३६० मिलिसेकंद. बॅझेटच्या सूत्राने उत्तर येते सुमारे ४६५, फ्रिडेरिशियाच्या सूत्राने सुमारे ४२७. पुरुषांसाठी ४५० ही मर्यादा मानली, तर एकाच कागदावरचा एकच माणूस एका सूत्राने संशयित ठरतो आणि दुसऱ्याने निर्धोक. जलद नाडीत बॅझेटचे सूत्र आकडा फुगविते, हे सर्वमान्य आहे. तरीही पुष्कळ यंत्रे आजही तेच सूत्र आपणहून वापरतात. कागदावर छापलेल्या आकड्यामागे सूत्र कोणते आहे, हे विचारणारे मात्र थोडे.

आता यंत्राकडे वळू. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ह्यूबर्ट पिपबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयालेख संगणकाकडे सोपविण्याचे काम सुरू केले. आजचे यंत्र सामान्यतः सेकंदाला ५०० किंवा अधिक वेळा विद्युत्‌दाबाची नोंद घेते. म्हणजे दर २ मिलिसेकंदांना एक. आपण डोळ्यांनी अर्धे घर, म्हणजे २० मिलिसेकंद, जेमतेम ओळखतो. शिवाय यंत्र एकाच ठोक्यावर विसंबत नाही. दहा सेकंदांतील ठोके एकावर एक ठेवून त्यांचा एक प्रातिनिधिक ठोका बनविते, त्यामुळे मधली थरथर निघून जाते. मग बाराही लीड एकत्र पाहून, कोणत्याही लीडमधील सर्वांत आधीचा प्रारंभ आणि सर्वांत उशिराची अखेर धरते. आपण हाताने बहुधा दुसऱ्या क्रमांकाचे किंवा व्ही-५ हे एकच लीड मोजतो. म्हणून निर्दोष यंत्राचा आकडाही हातच्या आकड्यापेक्षा थोडा मोठा येणे स्वाभाविक आहे. तो फरक चुकीचा नव्हे, व्याख्येचा आहे.

यंत्राचा मोठा गुण म्हणजे त्याची एकसारखी वागणूक. मी एकदा शिकाऊ डॉक्टरांच्या वर्गात एकच पट्टी सर्वांना मोजायला दिली होती. उत्तरे ३८० पासून ४४० पर्यंत आली, आणि तीच पट्टी आठवड्याने पुन्हा दिली तेव्हा काहींची स्वतःचीच उत्तरे बदलली. यंत्र थकत नाही, रात्रपाळीला कंटाळत नाही. त्याच नोंदीला ते दर वेळी तोच आकडा देते. परंतु एकसारखे असणे म्हणजे बरोबर असणे नव्हे. टी तरंग बसका असेल, त्याला दोन उंचवटे असतील, किंवा त्याच्या पाठीमागे यू नावाचा छोटा तरंग चिकटून येत असेल, तर यंत्र भलत्याच ठिकाणी थांबते. आणि दर वेळी त्याच भलत्या ठिकाणी थांबते.

मला आठवते, खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून फेफऱ्याची म्हणून एक शाळकरी मुलगी माझ्याकडे आली होती. पहाटे गजराचे घड्याळ वाजले की तिला मूर्च्छा येई. यंत्राने क्यूटी छापला होता ३९२, आणि नाडीच्या मानाने सुधारून ४३८. खाली 'नॉर्मल' असा शेरा. तिच्या टी तरंगाला दोन उंचवटे होते आणि यंत्र पहिल्यावरच थांबले होते. कर्कटकाने दुसऱ्या उंचवट्याच्या उतारापर्यंत मोजल्यावर पावणेबारा घरे भरली, म्हणजे ४७०, सुधारून ५२६. पाचशेच्या वरचा आकडा हा धोक्याचा मानला जातो. तिला बीटा-ब्लॉकर गटातले औषध सुरू केले, घरातील गजराचे घड्याळ काढायला लावले आणि भावंडांचे हृदयालेख घेतले. धाकट्या भावाचाही क्यूटी लांब निघाला. हा माझ्या हाताचा पराक्रम म्हणून मी सांगत नाही. गजर आणि मूर्च्छा यांचा संबंध तिच्या आईने सांगितला होता. म्हणून पुन्हा मोजावेसे वाटले. यंत्राला आईचे म्हणणे ऐकू जात नाही.

मग हातच श्रेष्ठ, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तेल अवीवचे सामी व्हिस्किन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली १२ देशांतील ९०२ डॉक्टरांना चार हृदयालेख दिले. दोन लांब क्यूटीच्या रुग्णांचे, दोन निरोगी व्यक्तींचे. चारही बरोबर ओळखणारे, या विषयातील खास जाणकारांत ९६ टक्के होते. सर्वसाधारण हृदयरोगतज्ज्ञांत आणि इतर डॉक्टरांत ते २५ टक्क्यांहूनही कमी निघाले. तेव्हा 'हाताने मोजले' एवढ्याने भागत नाही. हात कोणाचा, हेही विचारावे लागते.

दोन पद्धतींची तुलना कशी करावी, हाही एक शास्त्रीय प्रश्न आहे. पूर्वी दोन्हींच्या आकड्यांतील सहसंबंध काढीत आणि तो उत्तम आला की समाधान मानीत. १९८६ साली ब्लंड आणि ऑल्टमन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी यातील फोलपणा दाखविला. सभागृहातील घड्याळ नेहमीच दहा मिनिटे पुढे असेल, तर त्याचा खऱ्या वेळेशी सहसंबंध अगदी पूर्ण असतो, पण गाडी पकडणाऱ्याला ते फसविते. दुसरे घड्याळ कधी दहा मिनिटे पुढे, कधी दहा मागे असेल, तर त्याची सरासरी चूक शून्य; तरीही ते निरुपयोगी. पहिल्याची चूक वजा करता येते, दुसऱ्याची येत नाही. म्हणून दोन पद्धतींतील सरासरी फरक किती, आणि हा फरक रुग्णागणिक किती वरखाली होतो, या दोन्ही गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

युरोपात बेल्जियमच्या योस विलेम्स यांच्या नेतृत्वाखाली अशी तुलना मोठ्या प्रमाणावर झाली. त्यांच्या गटाने १९९१ साली १२२० व्यक्तींचे हृदयालेख नऊ संगणकीय पद्धतींना आणि आठ हृदयरोगतज्ज्ञांना दिले. हा निदानाचा सामना होता, केवळ मोजणीचा नव्हे. एकूण अचूकता तज्ज्ञांची ७६.३ टक्के, यंत्रांची ६९.७ टक्के, मात्र उत्तमांतली उत्तम यंत्रे उत्तम तज्ज्ञांच्या जवळपास पोहोचली होती. मोजणीबाबत २०१८ साली सात यंत्रपद्धतींची आपसांत तुलना झाली, तेव्हा निरोगी व्यक्तींत त्यांचे आकडे जवळजवळ जुळले. जन्मजात लांब क्यूटी असलेल्या रुग्णांत मात्र फरक वाढले. म्हणजे जेथे मापाची गरज कमी, तेथे एकमत. जेथे जीव पणाला लागलेला, तेथे मतभेद. ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरने मनावर कोरून ठेवावी अशी आहे.

हा प्रश्न केवळ दुर्मीळ रोगाचा नाही. रोजच्या वापरातील काही औषधांनीही क्यूटी लांबतो. ॲलर्जीवरचे टर्फेनाडिन याच कारणाने १९९८ साली अमेरिकेच्या बाजारातून गेले. पोटाच्या तक्रारीवरचे सिसाप्राइड तेथे २००० साली थांबले आणि भारतात त्यावर २०११ साली बंदी आली. २००५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार नव्या औषधाने क्यूटी सरासरी ५ मिलिसेकंद वाढतो का, याची कसून तपासणी होऊ लागली. ५ मिलिसेकंद म्हणजे आपल्या कागदावर मिलिमीटरचा आठवा भाग. रेषेच्या शाईची जाडीच त्याहून अधिक असते! एवढा फरक एका माणसाच्या एका पट्टीवर कर्कटकाने पकडणे अशक्य आहे. तेथे अनेक व्यक्ती, अनेक नोंदी आणि यंत्राची बारीक नजर हवी; शंकास्पद नोंदींवर शिकलेल्या माणसाचा डोळाही हवा. २०२० च्या साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि ॲझिथ्रोमायसिन ही औषधे जगभर एकत्र दिली जाऊ लागली, तेव्हा हे सूक्ष्म माप एकाएकी प्रत्येक रुग्णालयाची चिंता बनले होते.

या सगळ्यातून माझी समजूत अशी झाली आहे. यंत्र सातत्य देते, माणूस संशय घेऊ शकतो. आणि रुग्णाला दोन्हींची गरज असते. माप लिहिताना ते कसे घेतले हेही लिहावे : हाताने की यंत्राने, कोणत्या लीडमध्ये, कोणत्या सूत्राने सुधारून. औषधापूर्वीचे माप यंत्राचे आणि नंतरचे हाताचे, अशी तुलना करू नये. शिगेच्या पायलीने घेऊन सपाट पायलीने देण्यासारखे ते होईल. आणि आकडा वाचण्याआधी रेषा पाहावी. छापील शेरा आधी वाचला की डोळ्याला तेच दिसू लागते; शेरा चुकीचा असेल तर वाचणारा डॉक्टरही त्याच्यामागे चुकतो, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पष्ट दिसले आहे.

मला चिंता वाटते ती यंत्राच्या चुकीपेक्षा माणसाच्या सवयीची. आज आडगावच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका हृदयालेख काढून त्याचे छायाचित्र क्षणात शहरातील डॉक्टरकडे पाठवू शकते. ही फार मोठी सोय आहे आणि तिने अनेकांचे प्राण वाचले आहेत. परंतु तिरक्या धरलेल्या छायाचित्रात घरे आखडतात किंवा ताणली जातात, आणि मग ज्याला घर मोजायचे असते हेच ठाऊक नाही, त्याच्या हाती उरतो तो छापील आकडा. कर्कटक वापरणारी पिढी निवृत्त होत आहे. पाढे येत असलेल्यानेच गणकयंत्र वापरावे, कारण बटण चुकले तर उत्तर विचित्र आहे हे त्यालाच कळते. हृदयालेखाचेही तसेच आहे.

माझ्यापुढे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही उद्या डॉक्टर होतील, काही ही यंत्रे घडविणारे अभियंते होतील. डॉक्टरांनी यंत्राला विचारावे, 'हा आकडा तू कोठून कोठपर्यंत मोजलास?' आणि अभियंत्यांनी यंत्राला त्याचे उत्तर द्यायला शिकवावे. ज्या बिंदूंमधले अंतर घेतले ते रेषेवर स्पष्ट दाखवावेत, आणि खात्री नसेल तेथे तसे छापण्याची मुभा यंत्राला द्यावी. शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. मैदानात धावताना किंवा घंटेच्या आवाजाने एखादे मूल बेशुद्ध पडले, तर ते अशक्तपणावर किंवा फेफऱ्यावर ढकलून मोकळे होऊ नका. त्याचा एक हृदयालेख काढायला सांगा, आणि तो जाणत्या माणसाने प्रत्यक्ष पाहिला का, हेही विचारा.